मदत हवी आहे: बर्लिन फिलहार्मोनी या संगीत सभागृहात पोडियमची तिकिटं घ्यावीत का?

शुक्रवारी रात्री ८ चा कार्यक्रम आहे, ऑर्केस्ट्रासोबत सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी) गायिका. तिकिटं दोन हवीत, आई सोबत आहे. दोन दिवस साइट चाळतोय, आता दोनच पर्याय उरलेत: वाद्यवृंदाच्या मागचा पोडियम (स्वस्त, कंडक्टरचा चेहरा समोर) आणि डावीकडचा वरचा ब्लॉक, साधारण दुप्पट दर. पोडियमवर बाकं, पाठ टेकायची सोय नाही. तिंपनी (मोठे नगारे), हॉर्न (पितळी फुंकवाद्य) जवळजवळ मांडीवरच, ते चालेल. पण गायिका आपल्याकडे पाठ करून गाणार.

ऐनवेळी खिडकीवर रांग लावणं आईला झेपणार नाही. परतायची चिंता नाही, शुक्रवारी यू-बान (बर्लिनची मेट्रो) रात्रभर असते.

पोडियमवर बसलेल्यांनी सांगा: गाण्याचे शब्द मागे स्पष्ट पोचतात, की नुसता सूर?