'ग्लोबल यूथ लीडर' म्हणून निवड झालीय, ४८० डॉलर भरू का?

गोदाकाठची_पोर
नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय पण वाचा प्लीज. मी नाशिकची, सिडकोत राहते, वय २२, एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन वर्षं झाली आमच्या भागातल्या आठवी ते बारावीच्या मुलींचा एक ग्रुप चालवतेय, दर रविवारी समाजमंदिरात भेटतो, वीस-बावीस पोरी येतात, पाळीपासून ते क्लासवरून येताना मागे मागे येणाऱ्या पोरांपर्यंत सगळं बोलतो. गेल्या वर्षी या पोरींनीच अर्जावर अर्ज देऊन क्लासच्या गल्लीतले तीन बंद दिवे चालू करून घेतले, मी फक्त अर्जाला स्टेपलर मारला.

तर मला पुढे यातच काम करायचंय, म्हणजे यूएनमध्ये वगैरे तरुण मुलींच्या लीडरशिपवर, जेंडर इक्वॅलिटीवर बोलणाऱ्या मुली असतात ना, तसं. इन्स्टावर एक फॉर्म दिसला तो भरला आणि चारच दिवसांत 'अभिनंदन, तुमची निवड झाली' असा मेल. बँकॉकला चार दिवस, फी ४८० डॉलर, विमानाचं तिकीट वेगळं, आणि ७२ तासांत पैसे भरायचे. आई सातपूरला एका कंपनीत पॅकिंगला आहे, ती म्हणतेय मी या महिन्याची भिशी उचलते, तू जा. ती असं म्हणाली तेव्हापासून मला झोप नाही. जाऊ का? आणि हे नसेल तर मग या क्षेत्रात लोक शिरतात तरी कसे?

अंबड_लिंकरोड
ताई पहिलं काम, आईला भिशी उचलू देऊ नको. चाळीस हजारांच्या वर नुसती फी झाली, तिकीट वेगळं. माझ्या मेहुण्याची पोरगी गेल्या वर्षी असल्याच एका समिटला जाऊन आली, दोन दिवस हॉटेलच्या हॉलमध्ये भाषणं, एक दिवस ग्रुप फोटो, एक दिवस शॉपिंग. सर्टिफिकेट मिळालं, त्यावर आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. दुरुस्त करून मागितलं तर म्हणे कुरियरचे २० डॉलर.

७२ तासांची घाई कोण करतं, प्लॉटवाले आणि हे.

देवळाली_ते_दिल्ली
मी या कामात नऊ वर्षं होते, आधी दिल्ली मग बाहेर, आता सासूबाईंच्या आजारपणामुळे परत नाशकात. पोळ्या झाल्यात, वेळ आहे, सविस्तर लिहिते.

बँकॉकचं सोडून दे. त्या फॉर्ममध्ये तुझ्या रविवारच्या ग्रुपबद्दल काय विचारलं होतं ते आठव. माझा अंदाज, पासपोर्ट आहे का आणि टी-शर्टची साईज.

आता खरी जागा. दरवर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कला यूएनच्या मुख्यालयात सीएसडब्ल्यू भरतं, म्हणजे महिलांच्या स्थितीवरचा आयोग, १९४६ साली सुरू झालाय, ४५ देश सभासद असतात. तिथे यायची यूएन कोणाकडून फी घेत नाही. पण एकटंदुकटं उठून आत जाता येत नाही, ज्या संस्थेला इकोसॉकचा, म्हणजे यूएनच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा, सल्लागार दर्जा आहे तिने तुझं नाव पाठवावं लागतं. कोणाला दर्जा आहे ते यूएनच्या साईटवर शोधता येतं, तुला मेल पाठवणाऱ्यांचं नाव टाकून बघ एकदा. (दर्जा आहे म्हणजे चोवीस कॅरेट असंही नाही हां.) आत जे कार्यक्रम सरकारं आणि यूएनच्या एजन्सी घेतात ते साईड इव्हेंट, आणि बाहेर आसपासच्या हॉलमध्ये संस्था घेतात ते पॅरलल इव्हेंट, यातले बरेच आता ऑनलाइनही असतात, घरून ऐकता येतात. लोक पॅरललला पाच मिनिटं बोलून येतात आणि लिंक्डइनवर 'यूएनमध्ये भाषण केलं' टाकतात, असो.

पण हे भाषणांचं काम नाहीच मुळी. शेवटी सगळे देश मिळून एक मसुदा ठरवतात आणि त्यातल्या शब्दांवरून ओढाताण चालते, दार बंद करून, आम्ही संस्थावाल्या बाहेर. एका वर्षी आम्ही तिघी रात्री दीड वाजता कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसलो होतो, मी इथून नेलेला चिवडा मध्ये ठेवलेला, आणि भांडण कशाचं तर 'तरुण स्त्रियांचा सहभाग' याच्या आधी 'अर्थपूर्ण' हा शब्द ठेवायचा की काढायचा. तो नसेल तर पोरींना बॅनर धरून उभं केलं तरी सहभाग झाला म्हणता येतं. आतून कुठल्या शिष्टमंडळातल्या बाई पाणी प्यायला बाहेर आल्या की त्यांच्या हातात तीन ओळींची चिठ्ठी द्यायची, हा शब्द याआधी अमुक ठरावात तुमच्याच देशाने मान्य केलाय, आता का नको. ती चिठ्ठी बिनचूक लिहिता येणं म्हणजे हे काम. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन' लिहीत होते, तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' व्हावं म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता भांडल्या आणि १९४८ ला तसंच छापलं गेलं, तेही एका शब्दाचंच भांडण.

पैशांचं पण सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. नोकऱ्या बहुतेक एकेक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर, प्रोजेक्ट संपला की तुम्ही संपलात. यूएन सचिवालयाच्या इंटर्नशिपला पगार नसतो आणि राहायचं न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे तिथे कोणाच्या पोरी दिसतात ते तूच समज. अमेरिकेच्या व्हिसाची नुसती अर्जाची फी १८५ डॉलर, मुंबईत बीकेसीला मुलाखत, आणि नाकारला तर ते पैसे परत नाहीत. आमच्या टीममधली एकजण दोनदा नाकारली गेली, तिचं भाषण मी वाचलं, ती घरी बसून झूमवर ऐकत होती.

निफाडकर
सगळं वाचलं. राग मानू नका ताई पण एका शब्दासाठी रात्री दीडपर्यंत जागायचं आणि मग काय? आमच्या गावात सरपंच बाई आहेत, झेंडावंदनाला त्या आणि बाकी सगळीकडे त्यांचे मिस्टर, सही घ्यायला घरी जावं लागतं, बाई भाकऱ्या टाकता टाकता हात पुसून सही करतात, मिस्टर बोट ठेवून दाखवतात कुठे करायची. तिकडे 'अर्थपूर्ण' लिहिलं म्हणून इकडे काय फरक पडला? पोरीला सांगा एमपीएससी दे, हातात पॉवर तरी येईल. हे फॉरेनचे कागद फॉरेनलाच राहतात.

देवळाली_ते_दिल्ली
दादा, राग मानायचं कारणच नाही, हा प्रश्न मला माझ्या वडिलांनी नऊ वर्षं विचारला. पण या पोरीच्या आईचंच घ्या.

१९७९ ला यूएनमध्ये सीडॉ नावाचा करार झाला, बायकांशी होणारा भेदभाव मोडून काढायचा. भारताने तो १९९३ ला पक्का स्वीकारला, सह्या झाल्या, फाईल बंद, तुम्ही म्हणता तसा फॉरेनचा कागद. त्याच्या आदल्या वर्षी राजस्थानात भंवरीदेवी, सरकारच्याच साथीण म्हणजे गावपातळीवरच्या महिला कार्यकर्त्या, बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. बायकांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या की कामाच्या जागी बाईचं संरक्षण कोण करणार, तर त्यासाठी देशात कायदाच नाही. मग १९९७ च्या विशाखा निकालात कोर्टाने तोच सीडॉचा कागद काढला, म्हणाले तुम्ही हे मान्य केलंय ना, मग कायदा होईपर्यंत या गाईडलाईन्स पाळा. कायदा झाला २०१३ ला. आज दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कुठल्याही कंपनीत तक्रार समिती असावी लागते, अध्यक्ष बाईच, निम्म्या तरी बायका, आणि एक सदस्य बाहेरचा, एखाद्या संस्थेतला. सातपूर असो नाहीतर अंबड.

म्हणजे कागद इथपर्यंत आला, पण आपोआप नाही आला, आणि भंवरीदेवींच्या स्वतःच्या केसमध्ये खालच्या कोर्टाने आरोपी सोडले ते सोडलेच. हेही सांगायला हवं, नाहीतर मी पण ब्रोशर छापल्यासारखी बोलेन.

आणि तुमच्या सरपंच बाईंचं. देश सीडॉ पाळतात का ते बघणारी यूएनची समिती आहे, तिने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवीन शिफारस काढली, चाळिसावी, की निर्णय होतात तिथे सगळीकडे पन्नास-पन्नास हवं. आपल्याकडे महाराष्ट्रात पंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे! म्हणजे अर्ध्या खुर्च्या दिल्या की पुढे काय काय होतं, मिस्टर कुठे बोट ठेवतात, हे आपल्याला तेव्हापासून माहितीय आणि बाकीचं जग आत्ता विचार करायला लागलंय. हे तिथे जाऊन कोण सांगणार? मी ज्या खोल्यांमध्ये बसले तिथे इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या पुष्कळ होत्या, भाकरीच्या पिठाच्या हाताची सही पाहिलेली एखादीच.

पेठरोडची_बाई
मी पेठ तालुक्यात शिक्षिका. थोडंच लिहिते, रेंज जाते. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. आमच्या एका गावात रजिस्टर बघितलं तर ३१ बायकांच्या सह्या, सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच वळणाच्या. दहावीच्या मुलींना घेऊन पुढच्या सभेला नुसती जाऊन बसले, काही बोललो नाही. त्या दिवशी ११ सह्या झाल्या, पण ११ वेगवेगळ्या, त्यात ४ अंगठे. विषय एकच निघाला, विहिरीवर उन्हाळ्यात रात्री नंबर लावायला जावं लागतं तिथे दिवा नाही.

सिडकोच्या ताई, तुमच्या पोरींनी दिवे कसे लावून घेतले ते पाठवाल का? म्हणजे अर्जात काय लिहिलं, कोणाला दिला, किती दिवसांनी परत गेल्या.

अंबड_लिंकरोड
हे भारी झालं. पेठ आणि सिडको, दोन्हीकडे दिवाच.

निफाडकर
बरं ताई, विशाखाचं माहीत नव्हतं, मान्य. एमपीएससीचं मात्र मागे घेत नाही.

गोदाकाठची_पोर
सगळ्यांना थँक्यू, एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं. टी-शर्टची साईज खरंच विचारली होती!! ग्रुपबद्दल एकच प्रश्न होता, 'तुमचं पॅशन १०० शब्दांत'. आणि त्यांचं नाव त्या यादीत सापडलं नाही, तीन वेगवेगळी स्पेलिंगं टाकून बघितली.

देवळालीच्या ताई, काल आईला विचारलं तुमच्या कंपनीत अशी समिती आहे का. ती म्हणाली बोर्ड आहे ना, पंचिंग मशीनच्या शेजारी, फ्रेम केलेला. कोण कोण आहे त्यात विचारलं तर ती हसायला लागली. अध्यक्ष म्हणून ज्या मॅडमचं नाव आहे त्या दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेल्या, आणि बाहेरचा सदस्य या रकान्यात नुसती रेघ आहे. आई रोज चार वेळा त्या बोर्डासमोरून जाते. आता तिच्या लाईनवरच्या दोघीतिघींना घेऊन एचआरला विचारणार म्हणतेय, माझं नाव कुठे घेऊ नको म्हणून तंबी पण दिलीय, म्हणून इथेही कंपनीचं नाव विचारू नका.

पेठच्या बाई, अर्जाच्या तीनही कॉपी सापडल्या, पहिल्या दोन कशा चुकल्या ते पण लिहून पाठवते. पहिल्यात आम्ही 'मुलींना असुरक्षित वाटते' एवढंच लिहिलेलं, कोणी हललं नाही. तिसऱ्यात खांबांचे नंबर टाकले आणि क्लास किती वाजता सुटतो ती वेळ टाकली, मग गाडी आली.

अजून एक प्रश्न, मग मी नेमकं सुरू कुठून करू? मेसेज केला तर चालेल का ताई?

देवळाली_ते_दिल्ली
चालेल काय, करच. पण येताना दोन पानं लिहून आण. खांबांचे नंबर कसे सुचले आणि त्या बोर्डावरची रेघ, कंपनीचं नाव न घेता. आधी मराठीत लिही, मग आपण इंग्रजी करू. सीडॉच्या समितीकडे संस्थाही स्वतःचा वेगळा अहवाल पाठवू शकतात, त्याला ना व्हिसा लागतो ना बँकॉक, आणि त्यात असलीच उदाहरणं लागतात. तोवर यूएन व्हॉलंटियर्सवर ऑनलाइन कामासाठी नाव नोंदव, पैसे मिळत नाहीत पण घरून करता येतं आणि इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा हात बसतो. आणि १९९५ ची बीजिंगची घोषणा आणि कृती आराखडा डाउनलोड कर, १८९ देशांनी मान्य केलेला, बारा विषय आहेत, सगळं आत्ता वाचू नको, शेवटचा बारावा आधी वाच, तो मुलींवर आहे. शनिवारी चारनंतर मी मोकळी असते, कॉलेज रोडला ये, मिसळ माझ्याकडून.

गोदाकाठची_पोर
येते नक्की!! आणि आत्ताच बँकॉकवाल्यांचा परत मेल आलाय, डेडलाईन आठवडाभर वाढवलीय आणि माझ्यासाठी खास २० टक्के डिस्काउंट म्हणे.

निफाडकर
थांब चार दिवस, अजून उतरेल. लासलगावला बसून आयुष्य गेलंय आमचं, भाव पडायला लागला की आवाजावरून कळतं.