बाप्तिस्म्याला फुग्यांची कमान?

गासकर: "बाप्तिस्म्याला सुनंसुनं चर्च म्हणजे बिनमांडवाचं लग्न. फुग्यांची कमान, बाळाच्या नावाचा बोर्ड हवाच," अशी पोस्ट सकाळी वाचली आणि चहा गार झाला. गेल्या रविवारी पुतण्याच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला गेलो होतो. कमान अशी ठोकलेली की पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती मागे गडप. बाळाची मेणबत्ती तिच्यावरूनच पेटवायची ना? धर्मपित्याने फुग्यांतून हात घातला आणि फाट्! पोर जे किंचाळलं ते घरी जाईपर्यंत.

मिनूची आई: पोस्ट माझी. नऊ वर्षांनी मूल झालंय आम्हाला, काका. फादरांना विचारूनच सजवलं. आणि रडलं म्हणता, तर डोक्यावर पाणी ओतल्यावर कुठलं बाळ हसतं?

वेदीसेवक: विचारून म्हणजे फादरांना नाही म्हणवलं नाही. मिसल, म्हणजे मिस्साच्या उपासनेचं पुस्तक, त्याच्या सर्वसाधारण सूचनांतला 305 वा परिच्छेद वाचा. फुलं बेताची, तीही वेदीभोवती, वेदीवर नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर मोजके दिवस सोडून वेदीला फूलच नाही.

मिनूची आई: त्यात फुग्यांना बंदी कुठाय?

वेदीसेवक: त्यात बैल आणायलाही बंदी नाही.

निर्मळकर: आमच्याकडे एका रविवारी पाच बाळं होती, बोर्ड एकाच्याच नावाचा. बाकी चौघी आयांचे फोटो दुसऱ्याच्या पोराच्या नावाखाली. त्यातली एक माझी बहीण. अजून अल्बम उघडत नाही ती.

मिनूची आई: बरं बाई, बोर्ड हॉलमध्ये लावू. झालं समाधान?

मोगरावाला: फुग्यांवरून भांडताय, बाप्तिस्म्याच्या कुंडाभोवतीची फुलं कुणी हात लावून पाहिलीत? प्लास्टिक! वर अत्तर मारलेलं. आमचा मोगरा पहाटेच्या लोकलने दादरला जातो आणि वसईच्या चर्चात चिनी गुलाब. आजी ओल्या फडक्यात कळ्या बांधून आदल्या रात्री चर्चात द्यायची, सकाळी मिस्साला उमललेल्या असायच्या. एक पैसा घ्यायची नाही.

गासकर: अर्धी वाडी बिल्डरला तूच दिलीस की. आता मोगऱ्याचं रडगाणं?

मोगरावाला: दिली! टँकरवाल्यांनी उपसून उपसून विहीर खारट केली तेव्हा कुठे होतास? ये, एक बादली शेंदून मोगऱ्याला घाल. आठवड्यात पानं करपतील.

गासकर: आमचीही विहीर खारटच आहे. आम्ही नाही विकली.

मोगरावाला: तुला बँकेचा पगार होता.

वेदीसेवक: विषय बाप्तिस्म्याचा चाललाय.

मोगरावाला: मग पाण्याचाच झाला की.

गासकर: पगाराचं काढायचं कारण नव्हतं. पण ताजी फुलं हवीत, एवढं तुझं खरं. मिनूच्या आई, दुसऱ्याच्या वेळी ह्याच्याकडून मोगरा घ्या.

मिनूची आई: दुसऱ्याच्या? पहिल्यालाच नऊ वर्षं लागली म्हटलं ना, काका.