[मंडळ-चर्चा] महालची अभ्यासिका: खालच्या खोलीत मराठी टिकत नाही

प्रेषक: महालचे दादा (नागपूर)

नमस्कार मंडळी,

सोमवारपासून टायपिंगची बॅच आहे आणि खालच्या आठ लिनक्स मशीनींवर मराठी टिकून नाही राहिलं. लॉगिन केलं की मिळते. मग कधीतरी कॅप्स लॉक दाबा नाही तर काही दाबा, इंग्रजीच उमटते. लॉगआउट करून परत आलं की ठीक. वरच्या खोलीत एक्सएफसीई (पूर्ण डेस्कटॉप) आहे, तिथे ही तक्रार नाही. मग खाली पण ओपनबॉक्स (नुसता विंडो मॅनेजर, खिडक्या सांभाळणारा) काढून एक्सएफसीईच टाकून घेऊ का? रॅम दोन जीबीच आहे. आज रात्रीपर्यंत सांगा, उद्या दुपारी एक पोरगा मदतीला येणार आहे.

---

प्रेषक: सदरचे काका

दादा, ओपनबॉक्स काढायचाच असेल तर आइसडब्ल्यूएम हा दुसरा विंडो मॅनेजर टाका. ओपनबॉक्स निवडला तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. टास्कबार त्याचा स्वतःचाच असतो, टिंट-टूचं वेगळं पॅनेल लावावं लागत नाही. घड्याळ आणि चालू खिडक्यांची यादी पहिल्या मिनिटापासून खाली दिसते. शिवाय त्याच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात, ओपनबॉक्सची ३.६.१ ही शेवटची, २०१५ सालची. एकच काळजी घ्या: लॉगिनच्या पडद्यावर नुसता आइसडब्ल्यूएम न निवडता त्याचं सेशन निवडा, नाहीतर स्टार्टअप फाइल चालत नाही. त्या फाइलला एक्झिक्यूटेबल परवानगीही द्यावी लागते.

---

प्रेषक: प्रतापनगरवाल्या ताई

काका, टास्कबारचं पटतं, पण दादांचा प्रश्न त्याने सुटणार नाही. कीबोर्डचा लेआउट विंडो मॅनेजर ठरवत नाही, एक्स सर्व्हर (पडदा, कीबोर्ड, माउस सांभाळणारा मूळ प्रोग्राम) ठरवतो. आज आइसडब्ल्यूएम टाकला तरी परवा मराठी तशीच जाईल.

दादा, दोन गोष्टी सांगा. एक, ऑटोस्टार्ट फाइलमध्ये (लॉगिनला आपोआप चालते ती) आयबसची, म्हणजे भाषा बदलून देणाऱ्या प्रोग्रामची, ओळ आहे का? दोन, कीबोर्ड कोणी काढून परत लावतं का?

आयबस असेल तर तो सुरू झाल्यावर स्वतःचा लेआउट लावतो आणि सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेने लावलेला लेआउट पुसतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टमचाच कीबोर्ड लेआउट वापरा’ अशी एक खूण असते, ती नसली की हे होतं. पण तसं असतं तर मराठी लॉगिननंतर काही सेकंदांतच गेली असती. तुमच्याकडे मधेच जाते, म्हणून मला दुसऱ्याचाच संशय आहे.

---

प्रेषक: महालचे दादा (नागपूर)

आयबस नाही, आपण इनस्क्रिप्ट (देवनागरीचा प्रमाण लेआउट) थेट लावलं आहे. कीबोर्ड मात्र रोज निघतात. रात्री आठही कीबोर्ड आणि माउस कपाटात जातात, मशीन स्लीपवर. सकाळी आली की पोरं लावतात.

---

प्रेषक: प्रतापनगरवाल्या ताई

मग सापडलं.

सेटएक्सकेबीमॅप त्या वेळी जोडलेल्या कीबोर्डांनाच लागतो. यूएसबी काढून परत लावली की एक्सच्या दृष्टीने तो नवा कीबोर्ड, आणि त्याला सिस्टमचा मूळ लेआउट मिळतो, म्हणजे फक्त इंग्रजी. ऑटोस्टार्टमधली ओळ लॉगिनलाच चालून गेलेली असते, ती परत कोण चालवणार? एक्सएफसीईत सेटिंगचा एक डेमन मागे चालू असतो. नवा कीबोर्ड दिसला की तो लेआउट पुन्हा लावतो. वरच्या खोलीत त्रास नाही तो म्हणून.

उपाय एक्सएफसीई नाही. लेआउट सिस्टमच्याच फाइलमध्ये लिहा: इटीसी, त्यात डिफॉल्ट, त्यात कीबोर्ड नावाची फाइल. तीन ओळी बदलायच्या (इथल्या नियमाप्रमाणे देवनागरीत लिहिते, फाइलमध्ये रोमनच):

एक्सकेबीलेआउट="यूएस,इन"
एक्सकेबीव्हेरिएंट=","
एक्सकेबीऑप्शन्स="जीआरपी:कॅप्स_टॉगल,जीआरपी_एलईडी:स्क्रोल"

स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. व्हेरिएंटमधला एकटा स्वल्पविराम काढू नका, दोन लेआउटना दोन रिकाम्या जागा लागतात. यूएस (इंग्रजी) पहिलाच ठेवा. इन (मराठी) आधी आला तर ओपनबॉक्सचे अक्षरांवर बांधलेले शॉर्टकट बिघडतात. शेवटच्या तुकड्याने मराठी चालू असताना स्क्रोल लॉकचा दिवा लागतो. आपल्या पॅनेलवर भाषेची खूण नाही, तेव्हा पोरांना तो दिवाच दाखवा.

ऑटोस्टार्टमधली सेटएक्सकेबीमॅपची जुनी ओळ काढा आणि मशीन रीस्टार्ट करा.

---

प्रेषक: धरमपेठचा भाऊ

कॅप्स टॉगल, म्हणजे कॅप्स लॉकने भाषा बदलणं, टायपिंगच्या वर्गाला चालणार नाही. इंग्रजीच्या सरावाला कॅप्स लॉक खराखुरा लागतो. ऑल्ट-शिफ्ट पण नको: ऑल्ट-शिफ्ट-टॅबने उलट्या क्रमाने खिडकी बदलायला गेलं की भाषाच पलटते, कारण टॉगल कळ दाबताक्षणी लागतो, सोडेपर्यंत थांबत नाही. मेन्यू टॉगल घ्या. उजव्या कंट्रोलच्या शेजारची कळ, एरवी कोणी वापरत नाही. फक्त आधी आठही कीबोर्डांवर ती आहे ना ते बघा.

आणि आता सगळं वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) चाललं आहे, तर तिथल्या लॅबडब्ल्यूसीचा विचार का नाही? ओपनबॉक्सची आरसी ही सेटिंगची फाइल तो बरीचशी जशीच्या तशी वाचतो.

---

प्रेषक: सदरचे काका

भाऊ, बॅचच्या तोंडावर वेलँड नको. तिथे सेटएक्सकेबीमॅप चालत नाही, लॅबडब्ल्यूसीच्या एन्व्हायरन्मेंट फाइलमध्ये लेआउट वेगळा लिहावा लागतो. म्हणजे आत्ता सापडलेलं सगळं परत शोधायचं.

---

प्रेषक: सचिव

एक विनंती. आठही मशीनींची मूळ इमेज (डिस्कची तयार नक्कल) माझ्याकडे आहे. परस्पर बदल झाले की पुढच्या वेळी इमेज टाकताना ते पुसले जातात, मग पुन्हा हीच चर्चा. बदल मला पाठवा, मी इमेजमध्ये घालतो.

एक्सएफसीईवरही माझं मत नोंदवतो. दोन जीबीत ती चालते, पण विंडो मॅनेजर बदलून ब्राउजर हलका होत नाही. रॅम खातो तो ब्राउजर. झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारी सोय) आहे तसा चालू ठेवा. नुसता ओपनबॉक्स घेतला की पॅनेल, नेटवर्कचं चिन्ह, पेन ड्राइव्ह आपोआप उघडणं, पासवर्ड विचारणारी खिडकी, हे एकेक आपणच सुरू करायचं असतं. खर्च तिथे आहे, आणि तो आपण एकदा केलेला आहे. ओपनबॉक्स राहू द्या.

---

प्रेषक: प्रतापनगरवाल्या ताई

सचिव, इमेज तुमचीच, पण बॅच सोमवारी आहे. दादा उद्या हातानेच करतील आणि फाइल तुम्हालाही पाठवतील. दोन्ही होऊ द्या.

मेन्यू टॉगल मान्य. दादा, वर दिलेल्या तिसऱ्या ओळीत कॅप्सच्या जागी मेन्यू लिहा. ऑटोस्टार्ट उघडालच, तर एक बघून घ्या: टिंट-टू, पीसीमॅनएफएम (फाइल मॅनेजर) यांसारख्या चालूच राहणाऱ्या प्रोग्रामच्या ओळीच्या शेवटी अँडचं चिन्ह हवं. नसेल तर फाइल तिथेच अडते आणि खालचं काहीच सुरू होत नाही.

तपासणी अशी करा: लॉगिन, मग कीबोर्ड काढून परत लावा, मेन्यू दाबा, दिवा लागतो का बघा. मग ‘दुसऱ्या’ टाइप करा: ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. शिफ्ट-जेने ऱ उमटून पुढे डी आणि तिरक्या रेघेने य जोडला गेला की इनस्क्रिप्ट पूर्ण लागलं समजा. लॉगआउट न करता स्लीपवर टाकून, उठवून, हेच पुन्हा करा.

---

प्रेषक: महालचे दादा (नागपूर)

पहिल्या मशीनवर केलं. कीबोर्ड काढून लावला, स्लीपवरून उठवलं, मराठी टिकली, दिवा पण लागते. सात कीबोर्डांवर मेन्यूची कळ आहे, एकावर नाही, तो बदलून मागवतो. बाकीच्या मशीनी उद्या.

अजून एक. जुन्या चौकोनी मॉनिटरवर प्रिंटची खिडकी इतकी उंच येते की खालची बटणं पडद्याबाहेर जातात. तिथे काय करायचं?

---

प्रेषक: धरमपेठचा भाऊ

ऑल्ट दाबून ठेवा, खिडकीत कुठेही डावं बटण धरा आणि वर ओढा. शीर्षकाची पट्टी पडद्याबाहेर गेली तरी चालते. ऑल्ट आणि उजव्या बटणाने आकारही लहान करता येतो, पण प्रिंटची खिडकी एका मर्यादेखाली आक्रसत नाही, तेव्हा ओढणंच बरं.