'फिमेल' म्हणजे बाई की मादी?

प्रश्न : विश्रामबागला माझं पाईप-फिटिंगचं दुकान आहे. दिवसभर तोंडात एमटीए, एफटीए, म्हणजे पाईपचे मेल आणि फिमेल थ्रेडेड अ‍ॅडॉप्टर. आटे बाहेरून असले की मेल, आतून असले की फिमेल. परवा नववीतल्या लेकीनं इंग्रजी निबंधात 'गल्लीतल्या फिमेल्स' लिहिलं. बाईंनी लाल पेनानं खोडून 'विमेन' केलं. पोरगी रडवेली झाली, "आधारवर तर फिमेलच आहे की!" म्हणते. तिला नीट समजावून सांगायचंय.

उत्तर : दादा, आधारवरचं बरोबरच. तिथं फक्त लिंगाची नोंद हवी असते. 'फिमेल वॉर्ड', 'फिमेल पेशंट' हेही चालतं, तिथं ते विशेषण आहे. पण बायकांना नुसतं 'फिमेल्स' म्हटलं की बऱ्याच जणांना खटकतं. शिराळ्याकडं बिबट्याची मादी दिसली म्हणतो आपण, पपईचं झाडही मादी असतं. आपल्या आईला कुणी मादी म्हणेल का? बाईंनी योग्यच केलं.

उत्तर : अजून एक सांगा तिला. 'मेल'ला 'फि' लावून हा शब्द झालेला नाही. लॅटिन 'फेमिना' म्हणजे स्त्री, त्याचं लघुरूप 'फेमेल्ला', ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. 'मेल' आला 'मास्क्युलस'वरून. पुढं दोघांची जोडी मानल्यामुळं स्पेलिंग जुळलं.

प्रश्नकर्ता : पपईचं लगेच पटलं तिला, शेतात बघितलंय ना. वहीत 'विमेन' लिहून बाईंना दाखवणार आहे. एफटीए मात्र एफटीएच राहू दे म्हणाली.