नर्मदा परिक्रमेच्या वाटेवर एटीएमवर कितपत विसंबावे?

सुदामानगरकर, इंदूर
माझे आई-वडील दिवाळीनंतर गाडीने परिक्रमेला निघणार आहेत. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने प्रकाशा, राजपिपळा करत समुद्रापर्यंत आणि भडोचहून उत्तर तटाने अमरकंटककडे, असा मार्ग ठरला आहे. दोघेही सत्तरीचे असल्यामुळे जवळ मोठी रोकड बाळगणे त्यांना नको वाटते. मात्र आश्रमातील दक्षिणा आणि नावाडी यांचे रोखीविना भागत नाही. कोणत्या गावांतील एटीएमवर भरवसा ठेवावा आणि खात्यातून रक्कम वजा होऊनही नोटा न आल्यास काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त रोखपाल, इंदूर
गावांपेक्षा यंत्रात नोटा केव्हा भरल्या जातात याचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे. सुरक्षा-नियमांनुसार शहरात रात्री नऊनंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर एटीएम भरले जात नाही. त्यामुळे आठवडी बाजाराच्या दिवशी रिकामे झालेले खेड्यातले यंत्र निदान दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच राहण्याचा संभव असतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून महिन्यात दहा तासांहून अधिक काळ रोकड नसलेल्या प्रत्येक यंत्रामागे दहा हजार रुपये दंड ठेवला खरा, पण दंडाच्या पावतीने नावाड्याचे पैसे चुकते होत नाहीत. म्हणून बडवानी, शहादा, राजपिपळा, भडोच, जबलपूर, मंडला अशा मोठ्या गावी, कामकाजाच्या दिवशी सकाळी, शाखेला लागून असलेल्या यंत्रातूनच पैसे काढावेत आणि दोघांकडे दोन वेगळ्या बँकांची कार्डे असावीत. महानगरे वगळता परक्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. त्याहून अधिक व्यवहारांवर १ मे २०२५ पासून प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत शुल्क व त्यावर कर लागतो. नोटा नसल्यामुळे फसलेला व्यवहार या पाचांत धरला जात नाही.

मांडवीवाला, वडोदरा
रक्कम अडकल्यास यंत्र कोणाचेही असो, तक्रार आपले कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करावी, कारण यंत्रवाली बँक बहुधा तिकडेच पाठवते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपणहून परत जमा झाली पाहिजे, आणि त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई न मागता मिळाली पाहिजे. प्रत्यक्षात भरपाईची आठवण करून द्यावी लागते, असा माझा अनुभव आहे. यंत्राचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवावी. तीस दिवसांत दाद न मिळाल्यास १४४४८ या क्रमांकावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेची, म्हणजे बँकेविरुद्ध वरच्या पातळीवर दाद मागण्याच्या सोयीची, माहिती मिळते.

सुदामानगरकर, इंदूर
आपणा दोघांचेही आभार. खेड्यातल्या कियोस्कवर, म्हणजे बँकेच्या छोट्या ग्राहक सेवा केंद्रावर, आधार आणि अंगठा वापरून पैसे काढण्याचा पर्याय कितपत चालेल?

निवृत्त रोखपाल, इंदूर
खाते आधारशी जोडलेले असेल तर चालतो, परंतु वयस्कर माणसांच्या बोटांचे ठसे पुष्कळदा जुळत नाहीत. निघण्यापूर्वी इंदूरमधील एखाद्या कियोस्कवर दोघांनीही शंभर रुपये काढून पाहावेत. आधारचे बायोमेट्रिक लॉक केलेले, म्हणजे ठशांचा वापर बंद करून ठेवलेला, असल्यास तेही तेव्हाच ध्यानात येईल.