कमी उंचीचा विंगर आणि जिमी जॉनस्टनची कारकीर्द

खानापूरचा मामा:
सर्वांना नमस्कार. माझा भाचा पंधरा वर्षांचा असून फुटबॉलमध्ये उजव्या बगलेवर, म्हणजे विंगर म्हणून खेळतो. गेल्या महिन्यात बेळगावात एका संघाच्या निवड चाचणीत त्याने लागोपाठ दोन बॅकना (बचावपटूंना) चकवून चेंडू गोलसमोर टाकला, तरीही "पोरगा बुटका आहे, अंगावर कोणी आले की पडेल" एवढे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. लाल मातीने भरलेले बूट मांडीवर घेऊन तो बसमध्ये खानापूर येईपर्यंत एक शब्दही बोलला नाही. त्याला मी ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून खेळलेल्या स्कॉटलंडच्या जिमी जॉनस्टनविषयी थोडेफार सांगितले आहे, परंतु माझी माहिती अपुरी आहे. सव्वापाच फुटांच्या आसपास उंची असलेला हा माणूस युरोपातल्या धिप्पाड बॅकसमोर टिकला कसा? आणि एवढा मोठा खेळाडू स्कॉटलंडकडून केवळ २३ सामनेच का खेळला?

शहापूरचा जुना बॅक:
मामा, मी आयुष्यभर बॅकवर खेळलो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर बॅकच्या बाजूने देतो. उंच विंगरपेक्षा बुटका विंगर अडवणे कितीतरी अवघड असते, कारण त्याचा सगळा तोल जमिनीलगत असतो, चेंडू त्याच्या पावलापासून वीतभरही लांब जात नाही आणि आपण एका पायावर भार टाकला रे टाकला की तो दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असतो. १९७० साली युरोपियन कपच्या (युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या) उपांत्य फेरीत इंग्लंडमधल्या लीड्स क्लबच्या टेरी कूपरची जॉनस्टनने अशीच दमछाक केली होती, आणि हा कूपर काही ऐरागैरा नव्हे, त्याच वर्षी तो इंग्लंडकडून वर्ल्ड कप खेळला. सेल्टिकने ते दोन्ही सामने १–० आणि २–१ असे जिंकले. त्यांतला ग्लासगोतल्या हॅम्पडन पार्कवरचा सामना पाहायला १,३६,५०५ माणसे आली होती.

हे कसब त्याने घासून मिळवलेले होते. ग्लासगोजवळच्या व्ह्यूपार्क या वस्तीत लहानपणी तो दुधाच्या बाटल्या ओळीने मांडून त्यांच्यामधून चेंडू नेत असे, आणि पायांत बळ यावे म्हणून वडिलांचे खाणीतले जड बूट घालून पळत असे. चाचणी घेणाऱ्यांनी भाच्याची उंची मोजली, परंतु त्याचा पहिल्या तीन पावलांचा वेग मोजला का, हे विचारायला हवे होते.

निपाणीकर:
दादांचे म्हणणे मान्य आहे, परंतु सगळे श्रेय पायांना देणे मला पटत नाही. जॉनस्टनला जॉक स्टीनसारखा मॅनेजर मिळाला नसता, तर त्याची कारकीर्द अर्ध्यावरच राहिली असती असे मला वाटते. जॉनस्टनला विमानाची विलक्षण भीती वाटत असे. नोव्हेंबर १९६८ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारविरुद्ध ग्लासगोतल्या सामन्यात मध्यंतराला १–१ अशी बरोबरी होती, तेव्हा स्टीनने त्याला सांगितले की आपण चार गोलांच्या फरकाने जिंकलो तर परतीच्या सामन्यासाठी तुला विमानात बसावे लागणार नाही. उत्तरार्धात तो असा काही सुटला की त्याने स्वतः दोन गोल केले, इतरांना संधी निर्माण करून दिल्या आणि सामना ५–१ असा संपला. खेळाडूचे मर्म ओळखणे म्हणतात ते हे.

त्याआधी २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये इंटर मिलानला २–१ असे हरवून युरोपियन कप जिंकणारा ब्रिटनमधील पहिला संघ सेल्टिक ठरला, आणि त्या संघातला प्रत्येक खेळाडू सेल्टिक पार्क या त्यांच्या मैदानापासून सुमारे तीस मैलांच्या आत जन्मलेला होता. पंधरवड्याने माद्रिदमध्ये रेआल माद्रिदचा महान खेळाडू डी स्टेफानो याच्या गौरव सामन्यात खुद्द तिथल्या प्रेक्षकांनी जॉनस्टनला डोक्यावर घेतले. त्या वर्षीच्या बॅलन डी'ऑरमध्ये, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारात, तो तिसरा आला.

दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडक्यात सांगायचे, तर उजव्या बगलेवर ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबचा विली हेंडरसन हा तितकाच चपळ आणि तितकाच बुटका प्रतिस्पर्धी होता. शिवाय जॉनस्टनचे वागणेही शिस्तीला धरून नसे. मे १९७४ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी लार्ग्ज येथे तो पहाटे वल्हे नसलेल्या होडीतून समुद्रात वाहत गेला आणि त्याला सोडवून आणावे लागले. सामन्यात तो खेळला आणि स्कॉटलंड २–० असा जिंकलाही, परंतु पुढच्याच महिन्यात वर्ल्ड कपमध्ये त्याला एकदाही मैदानात उतरवले गेले नाही.

शहापूरचा जुना बॅक:
स्टीनविषयीचा मुद्दा मान्य. मात्र भाच्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: चकवता येत नाही म्हटल्यावर बॅक लाथा घालू लागतात. १९७४ साली ॲटलेटिको माद्रिदने ग्लासगोत त्याला इतके तुडवले की त्यांच्या तीन खेळाडूंना बाहेर काढण्यात आले, तरीही त्यांनी ०–० अशी बरोबरी पदरात पाडलीच. पडून लगेच उठायचे कसे आणि चिडून उलट लाथ घालायची नाही कशी, हेही सरावातच शिकवावे लागते. जॉनस्टनला स्वतःला ते नेहमी जमले असे नाही.

खानापूरचा मामा:
दोघांचेही मनापासून आभार. दूध आता पिशवीतून येते, त्यामुळे परसात आठ विटा मांडल्या आहेत आणि दोन विटांमधले अंतर दर रविवारी चार बोटांनी कमी करायचे ठरले आहे. लिस्बनची हकिकत भाच्याने शांतपणे ऐकली. परंतु रेड स्टारविरुद्धच्या परतीच्या सामन्याला जॉनस्टनला खरोखरच नेले नाही का, हे त्याने दोनदा विचारले, आणि नेले नाही, तरीही सेल्टिकने तिथे १–१ अशी बरोबरी केली, हे कळल्यावर त्या चाचणीनंतर तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला.