मेथड विझार्डने लिहिली तर बिघडलं कुठे?

अर्धविराम: 'रिकामा कंस' यांनी काल लिहिलं, "क्लासमध्ये मेथड टाकायला ज्याला विझार्ड लागतो, त्याला प्रोग्रामर म्हणू नये." विझार्ड म्हणजे माहिती भरली की कोड स्वतःच लिहून देणारी एडिटरची खिडकी. वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय. सी प्लस प्लसमध्ये एक मेथड, म्हणजे क्लासमधलं एक फंक्शन, दोन फायलींत लिहावं लागतं: हेडरमध्ये घोषणा (डिक्लेरेशन), सीपीपीत प्रत्यक्ष कोड (बॉडी). व्हर्च्युअल, स्टॅटिक हे शब्द फक्त हेडरमध्ये. डीफॉल्ट व्हॅल्यूही तिथेच. कॉन्स्ट, म्हणजे 'ही मेथड ऑब्जेक्ट बदलणार नाही' अशी हमी, मात्र दोन्हीकडे. यात बुद्धी कुठे लागते? निव्वळ कारकुनी आहे. मी एकदा बेस (मूळ) क्लासची मेथड ओव्हरराइड करताना, म्हणजे तिच्या जागी आपली लिहिताना, शेवटचं कॉन्स्ट विसरलो. कंपायलरने चकार शब्द काढला नाही, आणि कॉल मात्र बेसच्याच मेथडला जायचा. दोन दिवस पाण्यात. विझार्डच्या यादीतून मेथड निवडली असती तर सिग्नेचर (मेथडची पहिली ओळ) कॉन्स्टसकट जशीच्या तशी आली असती.

रिकामा कंस: 'ओव्हरराइड' हा शब्द सी प्लस प्लस ११ पासून भाषेतच आहे. तो लिहिला असतात तर कंपायलरने जागीच अडवलं असतं. व्हिज्युअल सी प्लस प्लस ६ चा क्लासविझार्ड मीही वापरलाय. आपला कोड ओळखायला तो एएफएक्स नावाच्या कॉमेंटच्या खुणा घालायचा, त्यांच्या आत हात लावायची चोरी. विझार्डमधून फंक्शन काढलं की डिक्लेरेशन जायचं, सीपीपीतली बॉडी तशीच पडून. ती आपण शोधून पुसायची.

अर्धविराम: माझा किस्सा २०११ च्या आधीचा आहे. आणि तो क्लासविझार्ड व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेटमध्ये काढून टाकला, तरी २०१० च्या आवृत्तीत परत आणावा लागलाच ना? लोकांना हवा होता म्हणूनच.

रात्रपाळी: तुम्ही दोघं कॉन्स्टवर भांडताय. खरी कीड आमच्या जावातल्या गेटर-सेटरची, म्हणजे प्रत्येक फील्ड वाचायच्या आणि बदलायच्या मेथडची आहे. एडिटरमध्ये अल्ट-इन्सर्ट दाबून जनरेटची खिडकी उघडायची, 'सिलेक्ट ऑल', ओके. वीस फील्ड, चाळीस मेथड, आणि प्रायव्हेट लिहूनही सगळं उघड्यावर.

सेमीकोलन: फ्रेमवर्कला लागतात म्हणून करतो. हौस नाही.

रात्रपाळी: कुठल्या फ्रेमवर्कला? डेटाबेसशी जोडणारी खूण (ॲनोटेशन) फील्डवर लावली की हायबरनेट, म्हणजे क्लास डेटाबेसशी जोडणारं फ्रेमवर्क, थेट फील्ड वाचतं. न तपासता बोलू नका.

सेमीकोलन: आवाज खाली. आमच्याकडचा कोड मी लिहिलेला नाही, मी तो सांभाळतो. मॅपिंग (त्या खुणा) गेटरवर आहे, शेकडो क्लास आहेत. तुम्ही येऊन बदलणार का?

रात्रपाळी: आवाज चढला, मान्य. पण का चढतो ते ऐका. आमच्या ऑर्डर क्लासचं इक्वल्स आणि हॅशकोड (दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे ठरवणाऱ्या मेथड) कुणीतरी जनरेट केलं होतं, तेव्हा फील्ड एकच: क्रमांक. पुढे 'शाखा' आली. गेटर झाला, सेटर झाला, इक्वल्सकडे कुणी फिरकलं नाही. दोन शाखांचे क्रमांक सारखे निघाले आणि हॅशसेटने (सारखी वस्तू दोनदा न ठेवणाऱ्या संचाने) दुसरी ऑर्डर घेतलीच नाही. ना एरर, ना लॉग. महिनाअखेरचा हिशेब जुळेना तेव्हा कळलं, आणि मी पहाटे चारपर्यंत बसलो. विझार्ड एकदा लिहितो आणि विसरतो.

अर्धविराम: हाताने लिहिलेलं इक्वल्सही असंच मागे राहिलं असतं.

रात्रपाळी: राहिलं असतं. म्हणूनच मला रेकॉर्ड पटतात, म्हणजे फक्त फील्ड सांगितली की इक्वल्स वगैरे भाषाच पुरवते असे क्लास. जावा १६ पासून पक्के आहेत. फील्ड वाढवलं की इक्वल्स आपोआप बदलतं, जुनं काही मागे उरत नाही.

सेमीकोलन: रेकॉर्डला एंटिटी, म्हणजे डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला क्लास, करता येत नाही. आमचं घोडं तिथेच अडलंय.

रिकामा कंस: 'प्रोग्रामर म्हणू नये' हे मागे घेतो, तेवढंच. कॉन्स्ट का लागतं हे माहीत असणाऱ्याने विझार्ड खुशाल वापरावा. नवशिक्याच्या हातात पहिल्याच दिवशी देणं मला आजही मान्य नाही.

अर्धविराम: मी तर जनरेट झालेलं वाचूनच कॉन्स्ट शिकलो.